मंगळवारचा भाव

९ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या दोन ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील. जेवते, दोन्ही वेळा. आणि नोकरी अजून आहे. एप्रिलमध्ये कायम करतील असं साहेब म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघतात. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं, उरलेलं तू मनाने भरतेस, आणि हे अर्धवट ऐकून चालणार नाही.

माझं काम दिसायला सोपं आहे. महिन्यातल्या प्रत्येक मंगळवारी बाजाराचा एकेक भाग घ्यायचा, त्याच गाळ्यांवर जायचं, त्याच वस्तूंचे भाव लिहून घ्यायचे. साबण तोच, तेवढ्याच वजनाचा. अंडी तशीच, तेवढ्याच आकाराची. सगळ्या शहरांतून माझ्यासारखी माणसं असे भाव पाठवतात आणि त्यांचा मिळून महागाईचा आकडा होतो. त्या आकड्यावर तुझ्या पेन्शनीतला भत्ता ठरतो, म्हणून मी एकेक भाव दोनदा विचारते. गाळेवाल्यांना त्रास नको म्हणून आदल्या दिवशी कळवतेही, उद्या अकराला येते म्हणून. ते बिचारे पाटी पुसून, नीट लिहून ठेवतात.

तर गेल्या आठवड्यात पेपरात आलं: महागाई सलग तिसऱ्यांदा उतरली. आमच्या जिन्याखालच्या न्हाव्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्चीतला माणूस तोंडाला फेस लावलेला, तसाच म्हणाला, "उतरली म्हणे! कुठल्या स्टेशनावर? आम्ही तर अजून डब्यातच आहोत." सगळे हसले. मी जिन्यात उभी होते, मला हसू आलं नाही. कारण शनिवारी मी स्वतःसाठी त्याच बाजारातून टोमॅटो घेतले होते आणि मंगळवारी लिहिलेल्या भावापेक्षा ते बरेच महाग होते. बरं, टोमॅटोचं सोड. साबणही महाग होता.

तूच शिकवलंयस ना, नासणाऱ्या वस्तूचा भाव आपला आपण उड्या मारतो, पण न नासणारीने उडी मारली तर तिला कुणीतरी ढकललेलं असतं. मला शाळेत उशिरा घातलं आणि तोवर तू ओट्यापाशी बसवून शिकवलंस, त्याचा हा परिणाम. साबण महागला की लोकांना राग येतो. मला शंका येते.

आणखी एक. कुणीतरी माझ्या मागावर आहे. तपकिरी टोपीचे एक आजोबा. मी अंड्यांपाशी थांबले की ते मागच्या गाळ्यावर बटाटे चाचपतात. मी निघाले की निघतात. आधी योगायोग वाटला. आता वाटत नाही. मुख्य कचेरीने माझ्यावर पाळत ठेवली असेल का? पण पाळत ठेवणारा माणूस दर वेळी एवढे बटाटे कशाला घेईल?

तुझा भत्ता कमी झालाय का? खरं सांग.

तुझी,
तागडी

---

१७ जानेवारी

तागडे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना हसूच फार आलं.

म्हातारा माणूस तरुण मुलीच्या मागे बटाटे घेत फिरतो म्हणजे दोनच गोष्टी असतात. एक तर त्याचा मुलगा लग्नाचा आहे आणि तू नीट चालतेस का, नीट बोलतेस का ते तो बघतोय. नाहीतर त्याला बटाटे आवडतात. पाळतीवरच्या माणसाला सरकार टोपी बदलायला लावतं, एवढं तरी त्यांना कळत असेल. तरी सावध राहा. रस्त्यात काही देऊ केलं तर घेऊ नको. पत्ता सांगू नको.

साबणाचं म्हणशील तर दुकानदार आहेत, शनिवारी गर्दी बघून वाढवत असतील. त्यात नवल काय?

मी मजेत आहे. बिस्किटांच्या कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे पुडे बांधले, आता स्वतःचा पुडा निवांत बांधून बसले आहे. पलंग स्वयंपाकघरात हलवला, तिथली खिडकी चांगली आहे, सकाळी ऊन येतं. बाजार मी गुरुवारी करते आणि अगदी स्वस्तात करते, माझी एक सोय आहे. शेजारची शिंपीण म्हणते, तुमच्यासारखा बाजार या गल्लीत कुणाला जमत नाही. म्हणजे काळजी करायचं काही कारण नाही.

भत्ता येतो.

साहेबांसमोर फार प्रश्न विचारू नकोस. एप्रिल होऊ दे.

तुझी आत्या

---

३० जानेवारी

प्रिय आत्या,

"भत्ता येतो" हे काही उत्तर नाही. मी विचारलं होतं, कमी झालाय का. लहानपणी मी असं उत्तर दिलं असतं तर तू मला परत ओट्यापाशी उभं केलं असतंस.

आणि पलंग स्वयंपाकघरात? अंथरुणाला फोडणीचा वास लागतो म्हणून तू आईशी वर्षभर अबोला धरला होतास. खिडकी तिथे पहिल्यापासून आहे, ऊनही. मला वाटतं तू उबेसाठी एकाच खोलीत शेगडी लावतेस. चूक असेल तर कळव.

आता माझं. मी शनिवारी मुद्दाम वेगळी शाल घेऊन बाजारात गेले. पाटीवर साबण, पीठ, अंडी, सगळं महाग. मंगळवारी अकराला कामासाठी गेले तर तीच पाटी, त्याच माणसाचं अक्षर, आणि भाव खाली. काम उरकून लगेच पुन्हा चक्कर मारली. पाटी पुसून नवे भाव लिहिले होते. ओली पाटी अजून वाळायची होती, आत्या! म्हणजे मी जाते तेवढा वेळच तो भाव असतो.

दुकानदार तोट्यात का विकतील? आणि नेमकं माझ्यासमोरच?

मला साहेबांचा संशय येतोय. दर सोमवारी ते मला विचारतात, "उद्या अकराच ना?" मी हो म्हटलं की खोलीचं दार लोटतात आणि फोन करतात. मी दाराशी कान लावला नाही, फक्त रेंगाळले. "उद्या अकरा" एवढंच ऐकू आलं. कुणाला सांगत असतील? आकडा खाली राहिला तर वरून त्यांना शाबासकी मिळत असेल का? त्यांनी नवा चष्मा केलाय, सोनेरी काडीचा. चष्म्यावरून संशय घेणं बरं नाही हे मला कळतं. पण घेतला जातो.

आणि टोपीवाले आजोबा आता एकटे नाहीत. मागच्या मंगळवारी त्यांच्याबरोबर पिशव्या घेतलेल्या चार बायका होत्या. मी मुद्दाम मासळीच्या गल्लीत वळले, जिथे माझं काही काम नसतं. तेही वळले. मी थांबले. ते थांबले आणि त्यातली हिरव्या स्वेटरवाली दुसरीला म्हणाली, "आज इकडून का गं?"

चूक माझ्याकडून कुठे झाली ते शोधतेय, सापडत नाही.

तागडी

---

८ फेब्रुवारी

तागडे,

पुरे झालं. शनिवारी वेगळी शाल घेऊन बाजारात फिरायला तुला पगार मिळतो का? तुला सांगितलंय काय, की अमक्या दिवशी जा आणि पाटीवरचा भाव लिही. तू गेलीस. लिहिलास. खरा लिहिलास. पाटी नंतर कोण पुसतं हे बघायला तुला कुणी ठेवलेलं नाही.

साहेबांच्या चष्म्याकडे बघू नकोस. फोनजवळ रेंगाळू नकोस. माणसाला नोकरीवर कायम करायच्या आधी वरचे लोक एकच गोष्ट बघतात, डोकेदुखी आहे की नाही. तुझ्या वडिलांना हे कधी कळलं नाही. त्यांचं काय झालं ते तुला माहीत आहे.

शेगडीचं: हो, एकाच खोलीत लावते. एकट्या बाईला किती खोल्या लागतात? तुझ्या नाकाला उगीच इथवर वास येतो.

इकडे थंडी फार आहे. या गुरुवारी तर तो इतका उशिरा आला की आम्ही पाच जणी अंड्यांच्या गाळ्यापाशी कुडकुडत उभ्या. शिंपीण म्हणाली, आजारी तर नसेल? पण आला बाई शेवटी. मग भराभर बाजार उरकला आणि घरी येऊन पाय शेकले.

लोकरीचे मोजे पाठवते. घाल.

तुझी आत्या

---

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोजे मिळाले, घातलेही आहेत. आता बसून हे पत्र वाच.

मंगळवारी मी अंड्यांच्या गाळ्यावरून अर्ध्यातून मागे वळले आणि सरळ टोपीवाल्या आजोबांसमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, "तुम्ही माझ्यामागे का फिरता?"

ते माझ्याइतकेच घाबरले. हातातला बटाटा गाळ्यावर परत ठेवला. "बाई, रागावू नका. तुम्ही पुढे चला ना. तुम्ही जिथे उभ्या राहता तिथे भाव खाली येतो आणि तुम्ही गेलात की पाच मिनिटांत वर जातो. त्या पाच मिनिटांत आम्ही घेतो. बस, एवढंच."

"आणि या बायका?"

"त्या माझ्यामागे असतात. मी तुमच्यामागे."

मागून किराणावाला ओरडला, "बाई, ही फौज आवरा हो तुमची! एकट्या आलात तर ठीक आहे, पण एवढ्या जणांना त्या भावाने विकायला लागलो तर आम्हाला मंगळवार परवडायचा नाही." बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. मी तिथून हलले नाही. शेवटी त्याने सांगितलं. गेल्या वर्षापासून नगरपालिकेने गाळ्यांचं भाडं महागाईच्या आकड्याला बांधलंय. आकडा चढला की भाडं चढतं. सगळीकडे तोच नियम आहे. मग गाळेवाल्यांनी मिळून ठरवलं, भाव लिहून घेणारी बाई येईल तेवढा वेळ पाटी खाली आणायची. "तुम्हीच तर सांगता आदल्या दिवशी," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्ही समजूनच सांगता."

आत्या, माझा शिष्टाचार! ती चूक होती. दुसरं कुणीच आदल्या दिवशी कळवत नसेल, असं मला वाटलं.

मग मी आजोबांना म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे का? आहे, म्हणाले, रेल्वेची, पण भत्ता सारखा कमी होतोय, म्हणून तर तुमच्यामागे फिरावं लागतं. मी त्यांना समजावून सांगितलं की मी जो भाव लिहिते त्यानेच त्यांचा भत्ता कमी होतो. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "म्हणजे जे इथे वाचतं ते तिथे जातं," म्हणाले. "वर आणखीही जातं. पण बाई, ते तिथलं मला दिसत नाही. बटाटे दिसतात." आणि ठेवलेला बटाटा परत उचलून पिशवीत टाकला.

हिरव्या स्वेटरवाली कोण, तर आमच्या साहेबांची बायको. साहेबांचा सोमवारचा फोन तिलाच असतो, तिनेच सांगितलं. मी सोनेरी काडीवरून केवढं काय काय रचलं होतं! साहेबांना एवढंच माहीत आहे की मंगळवारी अकराला बाजार स्वस्त असतो. का असतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पण एका आमच्या शहराने सगळा आकडा खाली येणार नाही. दुसरीकडेही हेच चालू असायला हवं. आणि आता सांग, गुरुवारी तुम्ही पाच जणी अंड्यांच्या गाळ्यापाशी कुणाची वाट बघत होतात? "तो" म्हणजे कोण? आत्या, तू कुणाच्या मागे फिरतेस?

तागडी

---

२७ फेब्रुवारी

तागडे,

निळ्या फायलीवाल्याच्या.

इथले भाव लिहून नेतो तो. सडपातळ आहे, खांदे पाडून चालतो. मागच्या पावसाळ्यापासून आम्ही त्याच्यामागे आहोत. आधी मी एकटीच होते, मग शिंपिणीला सांगितलं, तिने बाकीच्यांना.

लपवायचं काही नाही आता. भत्ता कमी झाला. एकदा नाही, तीनदा. शेगडी एक, दूध अर्धं, पेपर बंद. पेपर मी शिंपिणीकडे वाचते, तिच्या दुकानात शिळा येतो.

तू विचारशील, मला कधी कळलं. पहिल्या महिन्यातच कळलं, तागडे. पाटी पुसताना बघितली, फायलीवाल्याला बघितलं, आणि गाळ्याच्या भाड्याचा नियम शिंपिणीकडूनच कळला, तिचं दुकान नगरपालिकेचं. सगळं जोडायला मला एक चहा पुरला. गुरुवारी वाचतं त्याच्यापेक्षा भत्त्यात जातं जास्त, हेही मी मांडून बघितलं. तुला शिकवलेलं मी विसरेन का?

मग गप्प का बसले? कारण इथे फायलीवाला असेल तर तिथे तू आहेस, हे मला लगेच दिसलं. हे उघडं पडलं की ओढले जाणार भाव लिहिणारे. गाळेवाल्यांना कोण धरतं? आणि तुझ्या प्रत्येक कागदावर तुझी सही. एप्रिलपर्यंत तुला काही कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून ते दटावणीचं पत्र लिहिलं. वाईट लिहिलं होतं, मला माहीत आहे. घाईत लिहिलं की माझ्याकडून नको ते निसटतं.

आता तू काय करशील तेही मला माहीत आहे. म्हणून तर लपवलं होतं.

तरी एकदा सांगते. एप्रिल होऊ दे. मी एक हिवाळा एका खोलीत काढू शकते. तुला दुसरी नोकरी कोण देणार आहे?

आत्या

---

१४ मार्च

प्रिय आत्या,

एप्रिल होऊ दिला नाही. रागावू नकोस.

या वेळी मी कुणाला न कळवता शुक्रवारी दुपारी गेले. पाटीवर होते ते भाव लिहिले. किराणावाला धावत आला, "बाई, थांबा, थांबा, पाटी बदलायची राहिली!" मी लिहीत राहिले. दोन-तीन अंकांवर माझा घाम पडला, ते पुन्हा स्वच्छ लिहून काढले.

साहेबांनी कागद बघितला आणि नवा चष्मा काढून ठेवला. "एका महिन्यात एवढी वाढ? कोण मानेल हे? एक तर मागचे भाव खोटे, नाहीतर आत्ताचे. आणि दोन्हींवर सही तुमचीच."

मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी कळवत होते तेही सांगितलं. ते म्हणाले, "मंगळवारी भाव खाली असतात याला तुमच्याकडे पुरावा काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी विचारा, सर."

आधी ते समजले नाहीत. मग कान लाल झाले. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि माझं निवेदन मुख्य कचेरीला पाठवून दिलं. सोबत स्वतःची टीप जोडली. टंकलेखिकेने मला ती सांगितली: "सदर कर्मचारी प्रामाणिक असली तरी स्वभावाने अतिशय संशयी आहे." आता चौकशी होईपर्यंत मला बाजारात जायला मनाई आहे. जुने कागद लावत बसते. चौकशी एप्रिलमध्येच आहे. म्हणजे ज्या दिवशी कायम व्हायचं त्याच सुमाराला.

बाजारात स्वतःसाठीही जाता येत नाही. परवा टोमॅटो मागितले तर समोर ढीग असताना गाळेवाला म्हणाला, "शिल्लक नाहीत." आजोबा दिसले, लांबून. टोपी काढली नाही, हातही केला नाही. त्यांचा मंगळवार गेला आणि भत्ता अजून वाढलेला नाही. त्यांनी काय म्हणून मला ओळख द्यावी?

तूही तशीच असशील का आता? खरं सांग. या वेळी पूर्ण.

तागडी

---

५ एप्रिल

तागडे,

तू मला त्या आजोबांच्या बटाट्याच्या पिशवीत मोजलंस याचा राग आला. दोन दिवस पत्र लिहिलं नाही. मग वाटलं, नुसतं रागावून बसण्यापेक्षा काहीतरी करावं.

सोमवारी आम्ही पाचही जणी तुमच्या खात्याच्या इथल्या कचेरीत गेलो. शिंपीण पायरीवरूनच परत निघाली होती. म्हणाली, "अहो, आपला गुरुवार आपल्याच हाताने घालवायचा? आणि माझं दुकान नगरपालिकेचं आहे, उद्या भाडं वाढलं तर तुम्ही भरणार का?" मी म्हटलं, "नाही भरणार. पण तुझी लेक त्या चौकशीत बसली असती तर मी आले असते." मग आली. कुरकुरत आली.

आतमध्ये निळ्या फायलीवालाच बसलेला! आम्हा पाचजणींना एकदम बघून तो खुर्चीतून उठलाच. "तुम्ही... तुम्ही त्या माझ्यामागच्या?" त्या बिचाऱ्यालाही वाटत होतं की मुख्य कचेरीने पाळत ठेवलीय. पावसाळ्यापासून झोप नव्हती म्हणे. मी त्याला म्हटलं, "बस बाळ. आम्ही अंडी घ्यायला येत होतो."

आम्ही जे बघितलं ते सांगितलं, सह्या केल्या. तो येण्याआधी काय भाव, आल्यावर काय, गेल्यावर काय. मला विचारलं, तुम्ही त्याच दिवशी बाजार का करत होतात? आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नाही ते त्या परक्या खोलीत सांगितलं, की मला परवडत नाही म्हणून. शिंपिणीने खाली बघितलं. मग तिनेही तेच सांगितलं. मग तिसरीने. एका गल्लीत राहून आम्हाला एकमेकींचं माहीत नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्या हौसेने स्वस्त शोधतात.

ते कागद तुमच्या चौकशीला पाठवतो म्हणाला. पाठवले का ते कळव. माझा कुणावर विश्वास नाही.

आत्या

---

२८ एप्रिल

प्रिय आत्या,

पाठवले होते. आणि आणखी तीन शहरांतून तसंच कळलं.

चौकशीत तीन माणसं होती. मधल्या बाईंनी तुम्हा पाच जणींचं निवेदन मोठ्याने वाचलं. "मला परवडत नाही म्हणून" या ओळीवर त्या थांबल्या. मीही मान वर केली नाही. साहेबांनी मध्येच उठून सांगितलं की त्यांच्या घरचा बाजारही मंगळवारीच होत असे. एवढंच बोलून बसले. त्यांच्याकडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी काय काय लिहिलं होतं ते कृपा करून फाडून टाक.

मला कायम केलं नाही, काढलंही नाही. आणखी एक वर्ष बघतील. "आदल्या दिवशी गाळेवाल्यांना कळवणे हा निष्काळजीपणा" असं लिहिलंय. मी काळजीपोटी कळवत होते, पण ते लिहायला कागदावर जागा नव्हती.

आता नवी पद्धत आहे. कुठल्या दिवशी, कुठल्या गाळ्यावर, हे त्या सकाळीच कळतं. फाइल न्यायची नाही, साध्या पिशवीत छोटी वही न्यायची. सगळ्या शहरांत. पेपरात मोठ्या अक्षरात आलं: महागाईचा अचानक भडका. न्हाव्याच्या दुकानात लोक सरकारला शिव्या देत होते. काहीच महागलं नव्हतं आत्या. जे आधीच महाग होतं ते फक्त लिहिलं गेलं. हे मी जिन्यात उभी राहून कुणाला सांगू?

भत्ता वाढेल. वाढला की पलंग हलवशील?

तागडी

---

१२ मे

तागडे,

पलंग हलवला. भत्ता आला, मागचं सगळं नाही, पण आला. पेपर पुन्हा सुरू केला. पहिल्याच दिवशी त्यात तुमच्या आकड्यावर कुणा विद्वानाचा लेख होता, भाव का भडकले त्याची कारणं दिली होती. परदेशातलं युद्ध, पाऊस, लोकांची उधळपट्टी. अंड्यांच्या गाळ्याचं नाव नव्हतं. मी हसून हसून चहा सांडला.

वर्षभर बघतील तर बघू दे. तुझ्याकडे बघण्यासारखं आहे.

आता एक सांगते आणि तू रागावणार आहेस. इथला फायलीवाला हल्ली कधी येतो, कसा येतो, कुणाला कळत नाही. त्यामुळे गाळेवाले हवालदिल झाले आहेत. खिशाला पेन दिसलं की त्यांचा हात पाटीकडे जातो. परवा मी पोस्टातून येताना हातात पाकीट होतं, तर अंडीवाल्याने मला न विचारता भाव उतरवला.

म्हणून मी एक निळी फाइल विकत घेतली. आत शिंपिणीकडची विणकामाची कात्रणं आहेत. मी कुणाला काही सांगत नाही, कुणाला खोटं बोलत नाही. गाळ्यासमोर उभी राहते, पाटीकडे बघते, चष्मा वर करते. बाकीचं ते करतात. तुमचा खरा माणूस साध्या पिशवीने खरा भाव लिहून नेतो, भत्त्याला धक्का नाही, आणि माझी अंडी स्वस्त. तू हे सगळं मांडून बघ आणि कुठे चूक आहे ते दाखव. मी दोनदा मांडलं, मला सापडली नाही. तुला सापडेल, याची भीती आहे.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. गेले दोन आठवडे बाजारात माझ्या मागे एक बाई दिसते. करडा कोट, मोठी पिशवी. मी थांबले की ती शेजारच्या गाळ्यावर वांगी चाचपते. मी निघाले की निघते. काल तर तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या.

कोण असतील गं? मला जरा संशय येतोय.

तुझी आत्या